बाजाररस्त्याचे काम चालू असताना वाट मोकळी कशी ठेवावी

तालुक्याच्या गावात खरा रस्ता एकच असतो. तो बसस्थानकापासून निघतो आणि बाजारचौकातून जातो. कापडाची दुकाने, कृषी केंद्रे, बँक, औषधांची दुकाने त्याच्यावरच असतात, थोडे पुढे ग्रामीण रुग्णालय असते, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वीस-पंचवीस खेड्यांतील माणसे त्याच रस्त्यावर उतरतात. नागपुरात किंवा अमरावतीत एक रस्ता खोदला तर गाडीला दुसरा सापडतो. दर्यापूर, आर्वी, दिग्रस, मंगरुळपीर यांसारख्या गावांत बाजाराचा रस्ता खोदला की साऱ्या तालुक्याची अडचण होते. कनिष्ठ अभियंता म्हणून मी अशा रस्त्यांवर बरीच वर्षे काढली. नाली, नळाची पाइपलाइन आणि सिमेंट रस्ता यांची कामे करताना जे उपयोगी पडले, आणि ज्या चुकांमुळे लोकांना त्रास झाला, ते सर्व येथे क्रमाने मांडत आहे. नगरपंचायतीचे अभियंते, कंत्राटदाराचे मुकादम, नगरसेवक आणि ज्यांच्या दारात काम येऊन ठेपले आहे असे दुकानदार यांना त्याचा उपयोग व्हावा.

सगळ्या व्यवस्थेचा पाया एका नियमावर आहे. दोन आठवडी बाजारांच्या मधल्या सहा दिवसांत जेवढे बुजवून पुन्हा चालते करता येईल तेवढेच खोदावे, आणि सब्बल जमिनीत जाण्यापूर्वी पायी चालणाऱ्याची वाट आखून झालेली असावी. गाड्यांची वाट त्यानंतर ठरवावी.

आधी उभे राहून मोजणी

नकाशा काढण्यापूर्वी दोन माणसांनी वही घेऊन रस्त्यावर उभे राहावे. एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस पुरतो. सकाळी ८ ते १०, दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळांत पायी माणसे, सायकली, मोटारसायकली, ऑटो, काळी-पिवळी, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बंड्या (बैलगाड्या) आणि एसटी यांच्या वेगवेगळ्या रेघा ओढाव्यात. मी जेथे जेथे अशी मोजणी केली तेथे पायी माणसांचे पान सर्वांत आधी भरले, कारण एसटीने किंवा काळी-पिवळीने आलेला माणूसही स्थानकावर उतरल्यावर पायीच असतो. असे असूनही वाहतुकीचा आराखडा बहुधा चारचाकी डोळ्यांसमोर ठेवूनच केला जातो.

त्याच वहीत दुसरी यादी करावी: कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, कोणाकडे बाळंतपण जवळ आले आहे, कोणाला डायलिसिससाठी जिल्ह्याला जावे लागते, कोणाकडे लग्न ठरले आहे, शाळा किती वाजता सुटते आणि कोणत्या दुकानात माल केव्हा उतरतो. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी तासभर बोलले तर यातील निम्मी माहिती मिळते. जमिनीखालची माहिती मात्र कागदावर क्वचितच बरोबर असते. त्यासाठी पाणीपुरवठ्याचा जुना व्हॉल्व्हमन सोबत घेऊन रस्ता पायी फिरावा आणि तो दाखवील तेथे फक्कीने खुणा कराव्यात. दूरसंचार केबल, गॅसवाहिनी आणि इतर वाहिन्यांच्या मालकांना खोदकामाची आगाऊ सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे, त्यावरही नोंद करावी. फुटलेली पाइपलाइन म्हणजे दोन दिवस वाढलेले काम आणि दोन दिवस जास्त बंद राहिलेली वाट, हे येथे लक्षात घ्यावे.

तारीख ठरवताना

विदर्भात रस्त्याच्या कामाला वर्षभरात फार थोडे दिवस मिळतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन येते, त्यामागून कापूस सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे भरलेल्या गाड्यांची रांग असते. पुढे तूर आणि हरभरा येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा असतात. पावसाळ्यात काळी माती फुगते आणि चराच्या भिंती ढासळतात, म्हणून तेव्हा खोदणे शक्यतो टाळावे. उरतात मार्चचा उत्तरार्ध, एप्रिल आणि मे.

सिमेंट रस्ता असेल तर हिशेब उलट बाजूने करावा. काँक्रीटवर किमान १४ दिवस ओले गोणपाट ठेवावे लागते आणि साधारण २८ दिवसांनंतरच त्यावर जड वाहने सोडावीत. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी २८ दिवस भरायचे असतील तर शेवटचे काँक्रीट १० मेच्या आत पडले पाहिजे. ही तारीख आधी भिंतीवर लिहावी आणि तेथून मागे मोजत सुरुवातीची तारीख काढावी. एप्रिल-मेमध्ये गावालाच पाणी पुरत नसते, म्हणून क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे, पाणी पिण्याच्या स्रोतातून न घेता वापरात नसलेल्या विहिरीवरून टँकरने आणण्याची तजवीज करारातच लिहून घ्यावी.

उन्हाळ्याची एक सोय मात्र आहे. दुपारी १२ ते ४ या वेळात बाजाररस्ता जवळजवळ रिकामा असतो. गिट्टी-मुरुमाचे टिप्पर आणि पाइपांचे ट्रक त्या वेळी आणावेत. मजुरांकडून अंगमेहनतीचे काम मात्र पहाटे ५ ते ११ आणि संध्याकाळी करून घ्यावे, कारण ४५ अंशांच्या उन्हात घमेले उचलायला लावणे अमानुष आहे. लग्नांच्या तिथी आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे दिवस यादीत पाहून ठेवावेत. काम लांबून पोळ्यापर्यंत गेलेच तर ज्या चौकात तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात तो चौक चार दिवस आधी पूर्ण मोकळा, भरलेला आणि दाबलेला असावा. बैल लोखंडी पत्र्यावर पाय घालत नाही आणि घसरला तर गर्दीत शिरतो.

परवानगी आणि सूचना

रस्ता बंद करण्याचा किंवा वाहतूक वळवण्याचा अधिकार कंत्राटदाराला नसतो. जिल्ह्यात असा आदेश मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३३ यांखाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून निघतो. कलम ११५ खालील निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावीच लागते. रस्ता राज्य मार्गाचा भाग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची संमती वेगळी घ्यावी. आणखी एक गोष्ट कंत्राटदाराला पहिल्याच बैठकीत वाचून दाखवावी: २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या सुरक्षेची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार प्राधिकरण आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आदेश निघाला तरी तो खेड्यात पोहोचत नाही. काम सुरू होण्याच्या आधीचे दोन आठवडी बाजार ऑटोवर भोंगा लावून दवंडी द्यावी, आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर सूचना लावावी आणि एसटीच्या आगार व्यवस्थापकांना लेखी कळवून तात्पुरता थांबा ठरवून घ्यावा. सूचनेत चारच गोष्टी ठळक असाव्यात: रस्ता कोठून कोठपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत बंद आहे, पायी कोठून जायचे, एसटी कोठे थांबेल, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. फोन उचलणारा माणूस कामावर प्रत्यक्ष हजर असलेला असावा. ‘कार्यालयाशी संपर्क साधावा’ या वाक्याने रात्री दहा वाजता चरापुढे अडलेल्या माणसाला काहीही मिळत नाही.

पायी वाट

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाजाररस्त्यावर नालीचा चर खोदला होता. पलीकडे जाण्यासाठी आम्ही दोन विटांवर एक फळी टाकली होती. ती जेमतेम वीतभर रुंद होती, आणि चिखलाने माखलेली होती. बाजाराच्या सकाळी वांग्यांचे टोपले डोक्यावर घेतलेली एक म्हातारी तिच्यापाशी येऊन थांबली. तिने टोपले खाली ठेवले, फळीकडे पाहिले, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि मला म्हणाली, “बापा, येवढं टोपलं धरतं काय?” मी टोपले घेतले. ती फळीवर बसली आणि दोन्ही हात टेकत, बसल्या बसल्याच सरकत पलीकडे गेली. तेवढ्या वेळात तिच्यामागे सहा-सात माणसे खोळंबली आणि त्यांतल्या एका शाळकरी मुलीने सायकल परत फिरवली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेथे लाकडी चौकट टाकून दोन्ही बाजूंना बल्ल्यांचे कठडे बांधले, पण ती फळी टाकताना मी तेथे उभा होतो आणि मला त्यात काही गैर वाटले नव्हते, हे मी विसरलेलो नाही.

चर ओलांडण्याचा पूल किमान १.२ मीटर रुंद असावा आणि वर्दळीच्या ठिकाणी १.८ मीटर असावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेतही चालण्याच्या मोकळ्या वाटेची किमान रुंदी १.८ मीटर आणि वरची मोकळी उंची २.२ मीटर सांगितली आहे. डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि समोरून येणारा सायकलवाला यांना एकमेकांना वाट देता आली पाहिजे, अशी साधी परीक्षा करून पाहावी. पुलाच्या फळ्यांमध्ये फट नसावी, कारण फटीत काठी, चप्पल आणि लहान मुलाचा पाय अडकतो. दोन्ही टोकांना पायरी न ठेवता मुरूम दाबून उतार द्यावा, म्हणजे चाकाची खुर्ची, बाळाची गाडी आणि हातगाडी हे सर्व जातात. कठडा कमरेइतका उंच असावा आणि त्याला खाली गुडघ्याच्या उंचीवर दुसरी आडवी बल्ली असावी. ती नसेल तर मूल खालून सरळ चरात जाते. नुसती लाल-पांढरी पट्टी बांधणे म्हणजे कठडा नव्हे. ती वाऱ्याने तुटते, आणि जो तिच्यावर टेकतो तो पडतो.

प्रत्येक दुकानासमोर पूल देणे शक्य नसते, म्हणून दुकानदारांशी बोलून तीन-चार दुकानांमागे एक पूल ठरवावा. औषधांचे दुकान, दवाखाना, रेशन दुकान, बँक, शाळा आणि पिठाची गिरणी यांच्यासमोर मात्र तो असलाच पाहिजे. चरातून निघालेली माती नेहमी गाड्यांच्या बाजूला टाकावी, चालण्याच्या बाजूला टाकू नये. ती चराच्या काठापासून किमान १.५ मीटर दूर असावी, अन्यथा तिच्याच वजनाने काठ ढासळतो. चर १.५ मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूंना फळ्या-बल्ल्यांचा आधार दिल्याशिवाय मजूर आत उतरवू नये. काळ्या मातीत हे अधिक कटाक्षाने पाळावे लागते, कारण सुकून भेगा पडलेली भिंत दिसायला टणक असते आणि सूचना न देता कोसळते.

चालण्याची वाट बदलली तर बदल जेथे होतो तेथेच फलक न लावता आधीच्या चौकात लावावा. खोदलेल्या भागापाशी येऊन परत फिरावे लागले तर माणूस परत फिरत नाही. गाड्यांमधून वाट काढतो.

गाड्यांची वाट

कामाच्या जागेचे चार भाग मानण्याची पद्धत इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत आहे आणि ती लहान गावातही उपयोगी पडते: आधी सूचना मिळण्याचा भाग, मग वाट हळूहळू अरुंद होण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा, आणि शेवटी पुन्हा मूळ वाटेला लागण्याचा. गावातील कमी वेगाच्या रस्त्यावर पहिला फलक कामाच्या किमान १०० मीटर आधी असावा. गावाबाहेरून येणाऱ्या राज्य मार्गावर हे अंतर वाढवावे, कारण तेथून येणारा ट्रक वेगात असतो. धोक्याची सूचना लाल कडेच्या त्रिकोणात आणि सक्तीची आज्ञा वर्तुळात असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकृती कळते, म्हणून मजकुराच्या फलकासोबत आकृतीचा फलकही हवा.

बसची रुंदी नियमाप्रमाणे २.६ मीटरपर्यंत असू शकते. अर्धा रस्ता चालू ठेवायचा असेल तर उरलेली वाट साडेतीन मीटर तरी हवी आणि पायी वाट त्याच्या बाहेर हवी. तेवढी जागा नसेल तर एसटी आणि ट्रक सरळ गावाबाहेरच्या रस्त्याने वळवावेत; चिंचोळ्या वाटेत मोठी गाडी घालून पायी माणसाला भिंतीला चिकटवणे हा सर्वांत वाईट तोडगा आहे. एकेरी वाटेच्या दोन्ही टोकांना लाल-हिरवे झेंडे घेतलेली माणसे ठेवावीत. त्यांना एकमेकांचे झेंडे दिसत नसतील तर एका बाजूच्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती रंगवलेली काठी द्यावी; ती पलीकडे पोहोचली की वाट मोकळी झाली असे समजावे. मोबाइलपेक्षा काठी भरवशाची असते.

वळणवाट निवडताना नुसत्या रुंदीकडे पाहू नये. हंगामात कापसाने उंच भरलेला मेटॅडोर त्या गल्लीतून जाणार असेल तर वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आधी पाहाव्यात. तारेला घासून कापूस पेटण्याचा धोका खराच असतो, आणि अरुंद गल्लीत पेटलेली गाडी बाहेर काढता येत नाही. महावितरणच्या स्थानिक अभियंत्याला सोबत नेऊन तारा ताणून घ्याव्यात, कडुलिंबाच्या आडव्या फांद्या छाटून घ्याव्यात, नालीवरची जुनी ढापे भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन घेतील का ते तपासावे आणि मग एक भरलेली ट्रॉली स्वतः पुढे चालून त्या वाटेने नेऊन पाहावी. १०८ रुग्णवाहिकेच्या चालकालाही ही वाट एकदा दाखवावी. ग्रामीण रुग्णालयाकडे जाणारी वाट एका तासासाठीही पूर्ण बंद होणार नाही, ही अट मुकादमाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असावी.

संध्याकाळी गोहन, म्हणजे गावच्या गुरांचा कळप, गावात परततो. गुरे फलक वाचत नाहीत आणि रोजची वाट सोडत नाहीत, म्हणून गायकीला (गुराख्याला) आधी सांगून आठवडाभर तरी गोहनाची वाट बाहेरून वळवून घ्यावी.

ठेलेवाले आणि माल

ठेलेवाल्यांना आदल्या रात्री हटवू नये. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला जागेवरून हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रोज विकून रोज खाणाऱ्या माणसाला पर्यायी जागा दाखवल्याशिवाय उठवणे योग्य नाही. ही जागा वळणवाटेवर नसावी, नाहीतर तीही तुंबते. शाळेचे किंवा बाजार समितीचे मोकळे आवार बहुधा मिळते. दुकानांचा माल सकाळी ६ ते ९ या वेळात उतरवावा, हमालांना त्यासाठी रुंद पूल द्यावा, आणि ही वेळ दुकानदारांच्या सभेत ठरवावी; त्यांनी स्वतः ठरवलेली वेळ ते पाळतात.

रात्र आणि अवकाळी पाऊस

रस्त्यावरच्या दिव्यांवर भरवसा ठेवू नये. वादळ आले की वीज जाते, आणि नेमका तेव्हाच चर पाण्याने भरून रस्त्यासारखा दिसू लागतो. म्हणून प्रत्येक कठड्यावर रेडियम पट्टी आणि चराच्या दोन्ही टोकांना बॅटरीवर चालणारे लुकलुकणारे दिवे हवेत. रात्रीच्या पहारेकऱ्याला नुसती खुर्ची देऊन भागत नाही. दर दोन तासांनी चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन पडलेला कठडा उभा करणे, हे त्याचे काम असल्याचे त्याला सांगितलेले असावे. चरातले पाणी काढण्यासाठी डिझेलचा पंप आधीपासून जागेवर असावा. धुळीसाठी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे, मात्र चालण्याच्या वाटेवर चिखल होईल इतके ते नसावे.

काम आटोपताना

चर त्याच काळ्या मातीने बुजवू नये. पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्यावर लांबट खड्डा पडतो. मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबत भरावा. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मुकादमाने आणि अभियंत्याने बरोबर चालत जाऊन उघडे राहिलेले काही नाही हे पाहावे. काही उरलेच असेल तर त्या रात्री ते लोखंडी प्लेटने झाकून प्लेटच्या कडा मुरुमाने सपाट कराव्यात.

काम संपले की वळणवाटेचे बाण आणि फलक त्याच दिवशी काढावेत. जुना फलक उभा राहिला की लोक फलकांकडे पाहणेच सोडतात आणि पुढच्या कामाच्या वेळी खऱ्या सूचनेलाही मान मिळत नाही. उरलेली गिट्टी आणि तुटके पाइप नालीच्या काठावर ठेवू नयेत. दोन टिप्पर मुरूम मात्र जवळच्या आवारात राखून ठेवावा, कारण मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी पुन्हा एकदा पूर्ण रस्ता पायी फिरावा लागतो आणि जेथे भराव बसला असेल तेथे शाळा भरण्याच्या आत तो उचलून घ्यावा लागतो.